डावा कौल

डावीकडची पाकळी पडली, तेव्हा सुगंधा देवाकडे नाही, दाजीकडे बघत होती. त्यामुळे काय झालं ते तिला आधी भावाच्या तोंडावर दिसलं. दाजी परबाचं तोंड सहजासहजी उतरणारं नव्हे. गेल्या साली त्याची बायको, सुभद्रावहिनी गेल्या, तेव्हाही आलेल्या माणसांना चहा मिळाला की नाही हे बघत हा माणूस अंगणात ताठ उभा होता. आज मात्र ते उतरलं.

गाभाऱ्यातून गुरव हळूच म्हणाला, "डावो दिल्यान."

"परत लाव," दाजी म्हणाला.

गुरवाने रवळनाथाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना पुन्हा ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाण्याच्या सुरात प्रश्न पुन्हा सांगितला. यंदापासून गावाचं गाऱ्हाणं दाजी परबाचा झील धनेश घालणार, तुझ्या मनात असेल तर उजवा दे, म्हाराजा. सगळे पाकळ्यांकडे बघत उभे राहिले. बाहेर जत्रेच्या दुकानांचे बांबू ठोकण्याचा आवाज येत होता. पाकळी हलली, सुटली, आणि पडली ती पुन्हा डावीच.

"आणि एकदा," दाजी म्हणाला.

मागच्या खांबाला टेकून दाजीचा पुतण्या ओंकार उभा होता. धाकट्या भावाचा मुलगा, कुडाळच्या शाळेत मास्तर, आणि तोंडाला कुलूप नसलेला. तो म्हणाला, "दाजीकाका, देवान दोनदा सांगल्यान. तो काय बोबडो नाय. आपल्याकच आयकूक कमी येता."

कुणीतरी हसू दाबलं. सुगंधाला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. तिसऱ्यांदा कुणी पाकळ्या लावल्या नाहीत. दाजीने उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि तो पायऱ्या उतरला, तेही मागे न बघता.

आंबेखोलच्या जत्रेचं गाऱ्हाणं तीन पिढ्या परबांकडे होतं. पालखी निघण्याआधी सगळ्या गावाच्या वतीने देवाला हाक मारायची, गावाचं सुखदुःख एकेक करून त्याच्या कानावर घालायचं, आणि प्रत्येक मागणीला सगळ्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आधी दाजीचे आजोबा हे करत, मग वडील, आबा, मग दाजी. आवाज घराण्यातच होता. दाजीचा आवाज तर माइक यायच्या आधी खाडीपलीकडे ऐकू जाई, असं पलीकडचे लोकच सांगत. आणि देव परबांना नाही म्हणत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. विहीर कुठे खणू, सभामंडप कधी बांधू, असं परबांनी जे जे विचारलं त्याला उजवाच कौल मिळाला होता. आता कौल म्हणजे लग्नपत्रिकेवरच्या कुंकवासारखा झाला होता. सगळं ठरल्यावर लावायचा.

यंदाही तसंच. कौल लागायच्या आधीच तिठ्यावर बॅनर लागला होता. डावीकडे आबा, मध्ये दाजी, उजवीकडे हात जोडलेला धनेश, आणि खाली 'परब घराणे, देवसेवेची चौथी पिढी.' काल सासरहून, पिंगुळीहून, आल्यावर सुगंधाने रिक्षा थांबवून तो बॅनर डोळे भरून पाहिला होता. रिक्षावाल्याला, न विचारता, "ह्यो माझो भाव," असंही सांगून झालं होतं. जत्रेला माहेरी येणारी ती एकच लेक या घराला उरली होती, आणि हे मिरवायला मिळावं म्हणून तर ती वर्षभर वाट बघायची.

दुपारी पडवीत जी सभा भरली तिला निमंत्रण कुणीच दिलं नव्हतं, तरी सगळे आले.

"गुरवान पाकळ्यो बरोबर भिजवूक नाय," दाजीचा मुलगा धनेश म्हणाला. तारकर्लीच्या वाटेवर पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीत कामगाराचीच चूक दिसायची. "डावी सुकी रवली असतली. सुकी पाकळी पयली पडताच."

"दोनदा?" ओंकार म्हणाला.

"तू गप. तुका तां व्हयाच होता."

"माका व्हया असता तर मी बॅनर लावलंय असतंय. देवाक इचारूच्या आदी."

आत आमटी ढवळत असलेली शर्मिला पळी घेऊनच बाहेर आली. धनेशची ही बायको गिरगावातली. जत्रा म्हणजे खोल्या भरण्याचे दिवस, त्यात नवऱ्याने देवळात उभं राहायचं, हे तिला मुळीच पसंत नव्हतं. महिनाभर ती ते बोलून दाखवत होती. पण आता घराकडेच बोट दाखवलं जात होतं, आणि शर्मिला एकदम परबांहून परब झाली.

"भावजी, तुमच्या घराकडून जत्रेचं खोबरं आलं का यंदा? नाही ना? आणि आता मान मागायला आलात?"

"मी मान मागलंय नाय, वैनी. डाव्या कौलाचो अर्थ काय ता इचारूया, इतक्याच म्हणतंय."

"अर्थ काय काढायचा त्यात! काहीतरी शिवाशीव झाली असणार. त्या नव्या गुरवाच्या घरात सुतक होतं का बघा."

"देवळातलो दिवो कोणी बंद केल्यान ताय बघा," सुगंधा म्हणाली. मागे राहायचा तिचा स्वभाव नव्हता. "सुभद्रावहिनी होती तवर रोज तिन्हीसांजेक ह्या घरातून तेल जाय. आता थंय विजेची वात पेटता. बटण दाबला की भक्ती झाली."

"आत्याबाई, ती वात तुमच्या भावानेच आणली," शर्मिला म्हणाली.

सुगंधा म्हणाली, "दाजीन हाडली म्हणजे इचार करूनच हाडली असतली."

ओंकार मोठ्याने हसला. दाजी मात्र आरामखुर्चीत डोळे मिटून बसला होता. सगळ्यांच्या चुका निघून झाल्या. गुरवाची निघाली, धाकट्या घराची निघाली, समुद्रावर दारू पिणाऱ्या पाहुण्यांची निघाली, माशाच्या पाटीला हात लावून देवळात आलेल्या कुणा बाईची निघाली. कुणी एक वाचलं नाही. मग दाजीने डोळे उघडले.

"धनेशा, उभो रव. गाराणा म्हण. तुझ्याच म्हणण्यात काय वाकडा असात तर माका कळांदे."

धनेश उभा राहिला. त्याने डोक्यावर टोपी घातली आणि घसा साफ केला. "बा देवा रवळनाथा, सीमेच्या धन्या, खाडीच्या राखणदारा, म्हाराजा!"

आवाज चांगला होता. हे मान्य करायलाच हवं. सुगंधा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर विळी घेऊन बसली आणि नारळ खवू लागली. धनेशबरोबर तिचे ओठही हलत होते. त्यात नवल नाही. आबांचं हे गाऱ्हाणं परकर नेसायच्या वयापासून तिच्या कानात होतं. पिंगुळीच्या घरी रोज दिवेलागणीला, तुळशीपुढे हात जोडून, ती तेच पुटपुटायची. बायकांनी देवळात गाऱ्हाणं घालायची रीत नसली, तरी आपल्या तुळशीसमोर कोण अडवणार?

"जो कोण दर्यार गेलो असात तेका सुखान घराक हाड, म्हाराजा. जेच्या बागेत माकडां शिरली तीं रानात परत धाड, म्हाराजा. जेचा लगीन रवला असात ता जुळवून हाड, म्हाराजा. ह्या गावाचा, ह्या रयतेचा जा काय चुकला-माकला असात..."

सुगंधाचे ओठ मात्र गावावर पोचलेच नाहीत. ते मागेच एका वाक्यावर चालत राहिले होते. 'आदी माज्या घराचा' असं म्हणत ते हलत होते, आणि पडवीत धनेश केव्हाच पुढे निघून गेला होता.

"धनेशा," ती आतूनच म्हणाली, "मधला एक सोडलंस."

"खंयचा, आते?"

"गावाच्या आदीचा. आदी माज्या घराचा."

"तसा काय नाय त्यात. दाजी म्हणतत तसाच मी म्हटलंय. हवा तर दाजींका इचार."

सगळ्यांनी दाजीकडे बघितलं. दाजीने खुर्चीचे हात धरले आणि तो उठला. "नाय तसा काय," तो म्हणाला. "सुगंधाक पिंगुळीचा काय तरी आठवला असतला. पानां वाढा."

पण सुगंधा भावाला लहानपणापासून ओळखत होती. खोटं बोलताना तो नेहमी जेवणाचं नाव काढायचा.

मागच्या दारी, विहिरीच्या कट्ट्यावर, तिने त्याला गाठलं. तो पायांवर पाणी ओतत होता.

"आबा म्हणीत. 'आदी माज्या घराचा जा काय चुकला-माकला, जो काय गर्व झालो, तो तुज्या पायाकडे.' आणि मगेच गावाचा. तू इसारलंस?"

"इसारूक नाय," दाजी म्हणाला. तांब्या कट्ट्यावर ठेवताना जरा जास्तच वाजला. "सोडलंय."

"कित्याक?"

"माइक इलो त्या वर्सा. मुंबयचे चाकरमानी इलेले, पयल्यांदा आमदार इलेलो. इतक्या लोकांसमोर म्हणू, माज्या घराचा चुकला? लोक इचारतीत, परबांचा काय गो चुकला? तुका सांगतंय, मीय इचारून बघलंय माझ्या मनाक. कोणाचो बांध कोरूक नाय. कोणाक उपाशी धाडूक नाय. देवाचा एक काम आडाक नाय. मगे काय चुकला म्हणान सांगू?"

सुगंधा मनात शोधू लागली. खरंच, काय चुकलं होतं? तिच्या भावाइतका सरळ माणूस पंचक्रोशीत नव्हता, हे ती कुठेही छाती ठोकून सांगायची. पण मग तिला तिठ्यावरचा बॅनर आठवला, आणि देवाला न विचारता हात जोडून उभा असलेला धनेश.

"चुकलेला दिसनाच नाय, ह्याच चुकला रे," ती म्हणाली. "आबांचा तरी काय चुकलेला? तरी आदी आपल्या घराचा म्हणीत. इतकी वर्सां देवान उजवो दिल्यान, म्हणान तू समाजलंस, देव आपल्या खळ्यातलोच. आज तेना डावो दिल्यान तर दुपारभर आमी सगळ्या गावाच्यो चुको काढलाव. आपली एक तरी काढलाव?"

दाजीचा चेहरा लाल झाला. "वर्षाक एकदा खाजा खावक येतंस," तो म्हणाला, "आणि माका गाराणा शिकवतंस? माहेरवाशीण ती माहेरवाशीण. ओटी घे आणि गप बस."

असं तो आयुष्यात तिला बोलला नव्हता. सुगंधा सरळ आत गेली. माजघरात तिने आपली पिशवी काढली, लुगडं घडी करून आत टाकलं, आणि कुडाळची एसटी किती वाजता आहे असं शर्मिलाला विचारलं.

शर्मिला पान वाढता वाढता थांबली. "आत्याबाई, आज तुम्ही गेलात तर बोलायचं राहून जाईल म्हणून सांगते, मी तुमच्या बाजूने आहे. मला त्या वाक्यातलं कळत नाही फार. पण घरात गेला महिनाभर कुणी कुणाचं ऐकलेलं नाही. ह्यांनी बॅनर छापायला दिला तेव्हा मी म्हटलं होतं, आधी देवाला विचारा. तर म्हणाले, देव काय आपल्याला नाही म्हणणार आहे? आणि मी गप्प बसले. मलाही वाटलं, खरंच, कुठे नाही म्हणतोय?"

सुगंधा पिशवीशेजारी बसली. राग होताच, पण डोकं चालू होतं, आणि ते तिला नको तिथे घेऊन जात होतं. वाक्य सोडल्याला इतकी वर्षं झाली. त्यातल्या प्रत्येक जत्रेला ती बायकांत सगळ्यांत पुढे उभी होती. तिच्या ओठांवर ते वाक्य पिंगुळीत रोज येत होतं. मग इथे ते गाळलेलं तिला एकदाही कसं कळलं नाही? कळणार कसं! पिंगुळीत ती देवापुढे उभी राहायची. इथे भावाकडे बघत उभी राहायची. दाजी काय म्हणतो हे तिने कधी ऐकलंच नव्हतं, कसा म्हणतो तेवढंच ऐकलं होतं. आणि सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' ओरडली होती.

तिने लुगडं परत बाहेर काढलं.

उन्हं कलली तसं देऊळ भरलं. केळीचे खांब, आंब्याची तोरणं, दारात खाज्याच्या दुकानांची रांग, आणि वडाखाली दशावतारी मंडळींचे पेटारे येऊन पडलेले. डाव्या कौलाची बातमी दुपारीच सगळ्या वाड्यांत पोचली होती. एरवी गाऱ्हाण्याच्या वेळी बाहेर आइस्क्रीम खाणारी पोरंही आज आत येऊन बसली होती. परबांचं तोंड बघायला आले होते सगळे, दुसरं काय. सुगंधा नव्या लुगड्यात, मान वर करून, बायकांच्या पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. घरात काय झालं ते घरात. बाहेर ती परबांची लेक होती.

दाजी आला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर जरीचं उपरणं. दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपोआप वाट दिली, आणि इतकं सगळं होऊनही सुगंधाची छाती भरून आली. धनेश मागे होता, ओंकारही होता. दाजीने माइक हातात घेतला, एकदा फुंकून बघितला आणि डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, सीमेच्या धन्या, खाडीच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काय तो आवाज! एवढ्या वयातही कुठे फाटला नाही. दर्यावर गेलेले आले, माकडं आली, वायंगणी भातशेती आली, आजारी पडलेले, परगावी शिकणारे, लग्नाचे राहिलेले, सगळे आले. गाव दर वाक्याला साथ देत होतं. सुगंधा या वेळी डोळे भावावर ठेवत नव्हती. ती पाषाणाकडे बघत होती आणि ऐकत होती. वाक्य जवळ येत होतं. लग्नाच्यांनंतर तीच जागा. ती आली.

दाजी बोलायचा थांबला.

लोकांना वाटलं, दम लागला. कुणीतरी पाणी आणायला उठलं. दाजीने माइक धनेशच्या हातात दिला. मग खांद्यावरचं जरीचं उपरणं काढलं, त्याची नीट घडी केली आणि पायरीवर ठेवली. त्याचा आवाज आता लाउडस्पीकरमधून येत नव्हता, म्हणून सगळ्यांना कान द्यावा लागला.

"आदी माज्या घराचा," तो म्हणाला. "घरात आसत तेंचा, आणि ह्या घरातून दिल्या त्या चेडवांचा, जा काय चुकला-माकला असात, जो काय गर्व झालो असात, तो तुज्या पायाकडे. मगे गावाचा, म्हाराजा."

हे वाक्य तरुणांनी ऐकलंच नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं होतं ते विसरले होते. याला 'व्हय' म्हणायचं की नाही, हे कुणाला कळेना. परबांचं चुकलं याला व्हय म्हणणारे आपण कोण, असंही कुणाला वाटलं असेल. म्हातारा तसाच हात जोडून उभा राहिला, मान खाली घालून, आणि ते 'व्हय' येईना.

सुगंधा तयारच होती. ते वाक्य तिचंच होतं, तिनेच आठवण दिली होती, पहिला आवाज तिचाच व्हायचा होता. पण तिचे ओठ मध्येच थांबले होते. घरातून दिल्या त्या चेडवांचा, सासरी दिलेल्या लेकींचा. असं होतं आबांचं वाक्य. असंच होतं! आबा हे म्हणताना बायकांच्या बाजूला, परकरातल्या तिच्याकडे, एकदा नजर टाकायचे. दाजीने शब्दन् शब्द सांभाळून ठेवला होता. आणि तिने? रोज तुळशीपुढे नवऱ्याचं चुकलं म्हटलं, मुलांचं म्हटलं, सुनांचं तर अगदी मन लावून म्हटलं. चेडवांचा तुकडा तिच्या तोंडून कधी गळला, तिला आठवतही नव्हतं. तिला कुणी विचारलं असतं तर तिनेही म्हटलं असतं, माझं काय चुकलं?

दाजीची मान अजून खालीच होती. इतकी माणसं, आणि तो एकटा.

"व्हय म्हाराजा!" सुगंधा ओरडली.

'व्हय'चा पहिला आवाज बाईचा, असं त्या देवळात कुणी कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर सगळ्या माना वळल्या. मग खांबाजवळून ओंकारचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मग शर्मिलाचा, गिरगावी उच्चारात, पण खणखणीत. आणि मग सगळं गाव असं उठलं की वडावरचे पक्षी उडाले. दाजीने मान वर केली. तो रडत होता, आणि पुसायला उपरणं खांद्यावर नव्हतं, म्हणून त्याने सरळ सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि गावाचं पुढे मागायला सुरुवात केली.

गाऱ्हाणं संपल्यावर गुरव जवळ आला. "दाजीनू, परत पाकळ्यो लावून बघू? आता उजवो येतलो."

धनेशने आशेने बघितलं. दाजीने मान हलवली. "नको. आज आमी इचारूचा नाय. आज तेना आमका इचारल्यान." मग मुलाकडे वळून म्हणाला, "तू घराकडे रोज म्हण. सगळा म्हण. तोंडपाठ नको, आयकत म्हण. पुढच्या वर्सा बघूया तो काय म्हणता. आणि तिठ्यावरचो तो बॅनर काढ."

"आताच?"

"मगे काय जत्रा संपल्यार?" ओंकार म्हणाला, आणि चुलतभावाच्या खांद्यावर हात टाकून स्वतःच त्याला तिठ्याकडे घेऊन गेला.

पालखी उचलली. दाजी बायकांच्या बाजूने जाताना सुगंधापाशी थोडा थांबला.

"चेडवांचा तू सोडलंस, दुपारी सांगताना," तो म्हणाला.

"इसारलंय," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिने लपवलं नाही. "सोडूक नाय रे. इसारलंय."

तो मान डोलावून पुढे गेला. ताठच चालत होता, उपरण्याशिवाय. सुगंधाला वाटलं, आबा असते तर आज त्यांनी या मुलाला पोटाशी धरलं असतं. एवढ्या गावासमोर वाकायचं म्हणजे थट्टा आहे?

शेजारी एक बाई उभी होती, गावात नवीनच लग्न होऊन आलेली. तिने पदर सावरत विचारलं, "आजी, ते स्वतःच्या घराचं चुकलं म्हणाले, ते कशाला? दरवर्षी म्हणतात का?"

सुगंधाची मान आपोआप वर गेली.

"आमच्या घराची रीतच आसा ती," ती म्हणाली. "असा म्हणूक धाडस लागता. दुसऱ्या कोणाच्या घरात नाय मेळाचा तुका."

बोलली, आणि तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. तिने जीभ चावली. पालखी पुढे निघून गेली होती, ढोलांचा आवाज चढत होता, आणि ती बाई कौतुकाने तिच्याकडे बघतच होती. सुगंधाने गाभाऱ्याकडे तोंड केलं आणि, कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, ते वाक्य पहिल्यापासून म्हणायला घेतलं.